परदेशात असताना गोव्याचं लायसन जिवंत कसं ठेवायचं

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी माझा धाकटा भाऊ माटोळीचं (गणपतीवर बांधतात त्या फळा-पानांच्या छताचं) सामान आणायला म्हापशाच्या बाजारात निघाला होता. स्कूटरची चावी उचलली आणि सवयीने पाकीट उघडून लायसन आत आहे ना ते बघितलं. लायसन होतं. त्यावरची तारीख मात्र जून २०२३ ची होती, आणि चवथ होती २०२४ ची. भाऊ बोटीवर असतो, सात-आठ महिने समुद्रावर आणि मग महिना-दीड महिना घरी. समुद्रावर लायसन कोणी विचारत नाही, त्यामुळे पंधरा महिने ती तारीख कोणाच्या नजरेलाच पडली नव्हती. त्या दिवशी कवंडाळं, आंबाडे आणि सुपारीचे घोस मी आणले. भाऊ मागे बसला.

गोव्यात असं घर नाही की ज्यातलं कोणीतरी बाहेर नाही. कोणी दुबईत, कोणी कुवेतला, कोणी बोटीवर, कोणी इंग्लंडात स्विंडनला. पासपोर्टची तारीख सगळ्यांना तोंडपाठ असते, कारण त्यावाचून विमानात पाय ठेवता येत नाही. लायसनची तारीख आठवते ती स्कूटरची चावी हातात घेतल्यावर. भावाच्या त्या प्रकरणानंतर मी कायदा नीट वाचला, नियम चाळले, आणि जे समजलं ते इथे सोप्या शब्दांत मांडतो आहे. त्यातली एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे, तिच्यावर मी जास्त वेळ थांबणार आहे.

आधी आपलं कार्ड हातात घ्या. नंबराची सुरुवात ‘जीए’ने होते आणि पुढचे दोन आकडे कार्यालय सांगतात. ०१ पणजी, ०३ म्हापसा, ०४ डिचोली, ११ पेडणे. त्यापुढचे चार आकडे म्हणजे लायसन निघालं ते वर्ष, आणि राहिलेला अनुक्रमांक. आता मुदतीच्या जागा बघा. त्या दोन असतात. ‘एनटी’ म्हणजे खासगी वाहन आणि ‘टीआर’ म्हणजे भाड्याचं, धंद्याचं वाहन. टॅक्सी चालवणारा माणूस आखातात ड्रायव्हर म्हणून गेला की त्याच्या कार्डावरची टीआरची मुदत आधी संपते, कारण ती एका वेळी ५ वर्षांचीच मिळते. एनटीची तारीख पुढची दिसते म्हणून तो निर्धास्त राहतो आणि परत येऊन टॅक्सीवर बसतो तेव्हा अडकतो. दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचा.

ही मुदत ठरते कशी? मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ च्या दुरुस्तीआधी खासगी वाहनाचं लायसन २० वर्षांसाठी किंवा वयाची ५० वर्षं पुरी होईपर्यंत, जे आधी येईल तोवर मिळायचं. त्या काळात काढलेल्या कार्डावर जी तारीख छापली आहे तीच चालते. दुरुस्तीनंतर सगळा हिशोब वयावर गेला. लायसन काढताना किंवा नूतनीकरण करताना तुमचं वय ३० च्या आत असेल तर ते चाळिशी पूर्ण होईपर्यंत चालतं. ३० ते ५० च्या मधे असाल तर १० वर्षं. ५० पूर्ण झाली पण ५५ नाही, तर साठी पूर्ण होईपर्यंत. ५५ च्या पुढे दर वेळी ५ वर्षं.

यातून एक गोष्ट लक्षात येते. ज्यांनी विशीत लायसन काढलं आणि नंतर परदेशाची वाट धरली, त्यांची मुदत नेमकी चाळिशीच्या आसपास संपते, म्हणजे तिकडचा संसार, नोकरी, मुलांच्या शाळा या सगळ्याच्या ऐन भरात. भावाचंही तेच झालं. त्याचं लायसन २००३ चं, वीस वर्षांनी २०२३ मधे संपलं.

आता ती महत्त्वाची गोष्ट. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १ वर्ष आधीपासून करता येतो आणि संपल्यानंतर १ वर्षापर्यंत करता येतो. म्हणजे कार्डावरच्या तारखेच्या अलीकडे १ वर्ष आणि पलीकडे १ वर्ष, असा २ वर्षांचा अवधी हातात असतो. या अवधीत अर्ज केला तर चाचणी नाही. तो उलटून गेला तर वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते, मग तुम्ही वीस वर्षं गाडी चालवत असा नाहीतर चाळीस.

परदेशात राहणाऱ्याने सगळा विचार या २ वर्षांभोवती करायचा. या अवधीत आपली गोव्याची एक तरी फेरी होणार आहे का? होणार असेल, तर त्या फेरीच्या कामांच्या यादीत, बँक आणि दाताच्या डॉक्टरच्या वर, लायसन लिहून टाका. भाऊ जानेवारी २०२३ मधे रजेवर आला होता. मुदत संपायला पाच महिने होते, अर्ज करता आला असता. मग फेब्रुवारी २०२४ मधे आला. संपून आठ महिने झाले होते, तरीही चाचणीवाचून काम झालं असतं. दोन्ही वेळा कोणी कार्ड उलटून पाहिलं नाही. सप्टेंबरात पाहिलं तेव्हा वर्ष उलटून अडीच-तीन महिने झाले होते. मग चाळिशीचा माणूस, घरात गणपती, आणि तो रजेच्या मोजक्या दिवसांत चाचणीची तारीख घेऊन स्कूटरवर आठचा आकडा काढायला उभा. झालं सगळं नीट, पण सहा आठवड्यांच्या रजेतले किती दिवस त्यात गेले ते आमच्या आईला विचारा. तिने आता घरातल्या सगळ्यांच्या तारखा कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत आणि दर जानेवारीत नव्या कॅलेंडरवर उतरवते.

इथे दोन जुने समज मोडायला हवेत, कारण ते अजून गावोगाव ऐकू येतात. पहिला, ‘पाच वर्षांपर्यंत चालतं.’ चाचणीची अट पूर्वी ५ वर्षांनंतर लागू व्हायची हे खरं, पण २०१९ च्या दुरुस्तीने ती १ वर्षावर आली. दुसरा, ‘संपल्यावर महिनाभर मुभा असते.’ तीही पूर्वी होती. संपलेलं लायसन आणखी ३० दिवस ग्राह्य मानायची तरतूद त्याच दुरुस्तीत गेली. आता छापलेल्या तारखेनंतर लायसन संपलं म्हणजे संपलं.

आणि सगळ्यात घोटाळा होतो तो इथे. संपल्यानंतरचं जे वर्ष मिळतं ते अर्ज करण्यासाठी आहे, गाडी चालवण्यासाठी नाही. नूतनीकरण झालं की नवी मुदत नूतनीकरणाच्या दिवसापासून मोजली जाते, मागच्या तारखेपासून नव्हे. त्यामुळे मधले दिवस कायद्याच्या नजरेत तुम्ही विनालायसन आहात. वैध लायसनशिवाय वाहन चालवलं तर कायद्यात ५,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. शिवाय ज्याच्याकडे वैध लायसन नाही त्याला आपलं वाहन चालवू देणाऱ्या मालकावरही जबाबदारी येते. आमच्या घरची स्कूटर आईच्या नावावर आहे. भाऊ फेब्रुवारीत महिनाभर तीच चालवत होता.

दंडाचं एक वेळ निभावेल. विम्याचं निभावत नाही. वाहनाच्या विम्यात चालकाकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन असण्याची अट असते. ती मोडली की आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. समोरच्याला इजा झाली तर? सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालच्या स्वर्ण सिंग प्रकरणात हा प्रश्न सविस्तर पाहिला. थोडक्यात सांगायचं तर जखमी माणूस वाऱ्यावर सोडला जात नाही. विमा कंपनीला त्याला भरपाई द्यायला सांगता येतं, पण नंतर कंपनी ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. चवथीला, नाताळात, मे महिन्यात गोव्याच्या अरुंद रस्त्यांवर किती गर्दी असते ते आपल्याला माहीत आहे. आठ महिन्यांनी घरी आलेला माणूस घरच्यांचीच स्कूटर घेऊन बाहेर पडतो, आणि एका चुकीच्या वळणाचा भार त्याच्या म्हाताऱ्या आईवडिलांवर पडू शकतो. हे लिहायचं मुख्य कारण मला तरी हेच आहे.

‘पण मला तिकडचं लायसन मिळालंय, मग इथलं कशाला?’ असं पुष्कळ जण विचारतात. तिकडचं नुसतं लायसन भारतात चालत नाही. त्याच्या जोडीला त्या देशाने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, ज्याला सगळे आयडीपी म्हणतात, तो लागतो. दर फेरीला तो काढून आणण्यापेक्षा घरचं लायसन जिवंत ठेवणं सोपं. दोन देशांची दोन लायसन बाळगणं गुन्हा आहे का, ही भीतीही काहींना असते. भारतीय कायदा एका माणसाला दोन लायसन ठेवू देत नाही खरं, पण तिथे लायसन म्हणजे या कायद्याखाली दिलेलं भारतीय लायसन. ब्रिटनचं एक आणि गोव्याचं एक, याला हरकत नाही. हरकत आहे ती म्हापशाचं हरवलं म्हणून सावंतवाडीच्या पत्त्यावर नवंच काढण्याला. हरवलं तर डुप्लिकेट काढा.

शिवाय तिकडचं लायसन मिळवतानाही इथलं कामी येतं. ब्रिटनमधे राहायला गेल्यापासून १२ महिने भारतीय लायसनवर गाडी चालवता येते. त्यानंतर तिथलं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन, घेऊन लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, कारण थेट बदलून मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. पण ते पहिले १२ महिने तुमचं भारतीय लायसन चालू असेल तरच. जर्मनीत ही सवलत ६ महिन्यांची आहे. पुढे परीक्षा द्याव्या लागतात, मात्र चालू भारतीय लायसन असणाऱ्याला तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सक्तीच्या शिकवणीतून सूट मिळते. ज्यांनी तिथल्या त्या शिकवणीचा खर्च ऐकला आहे त्यांना या सवलतीची किंमत सांगायला नको. कॅनडाच्या ओंटारिओत पहिल्या ६० दिवसांनंतर तिथलं लायसन लागतं, आणि इथला अनुभव कागदावर दाखवता आला तर नवशिक्यांसाठीची वाट पाहणं कमी होतं. दुबईत राहण्याचा व्हिसा लागला की भारतीय लायसनवर गाडी चालवता येत नाही, पण ‘गोल्डन चान्स’ नावाच्या सोयीत चालू भारतीय लायसन दाखवून शिकवणीशिवाय एकदा थेट परीक्षेला बसता येतं.

एक सावधगिरी जर्मनीला जाणाऱ्यांसाठी. तिथलं लायसन हातात देताना भारतीय कार्ड जमा करून घेतात. त्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि नंबर, कार्यालय, दोन्ही मुदती लिहून ठेवा. कार्ड गेलं तरी इथल्या नोंदीतलं लायसन तुमचंच असतं.

आयडीपीबद्दल थोडं, कारण तिथे गैरसमज फार. आयडीपी हे वेगळं लायसन नाही. तुमच्याजवळ लायसन आहे, एवढं तो इतर देशांना समजेल अशा रूपात सांगतो. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार भारत तो देतो. मुदत १ वर्ष, आणि मूळ लायसन आधी संपलं तर तेवढीच. केंद्रीय नियमांत त्याचं शुल्क १,००० रुपये आहे. तो फिरायला गेलेल्यांसाठी असतो. कायम राहायला गेल्यावर दर वर्षी नवा आयडीपी घेत तिकडे गाडी चालवत राहू, हे बहुतेक देशांत चालत नाही. परदेशात असताना तो संपला तर जानेवारी २०२१ पासून भारतीय नागरिकांना तिथल्या भारतीय दूतावासामार्फत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. अर्ज इथल्या परिवहन कार्यालयाकडे येतो आणि परवाना कुरियरने परदेशातल्या पत्त्यावर जातो. ही सोय आयडीपीची आहे, हे नीट लक्षात ठेवा. मूळ लायसनचं नूतनीकरण दूतावास करत नाही. तो अधिकार इथल्या परवाना प्राधिकरणाचा, म्हणजे आपल्या वाहतूक खात्याचा.

मग गोव्यात न येता लायसन नूतनीकरण होतच नाही का? काही जणांचं होऊ शकतं. केंद्राने मार्च २०२१ मधे आधारच्या ओळखीवर, कार्यालयात न जाता मिळणाऱ्या १८ सेवा जाहीर केल्या. त्यात चाचणीची गरज नसलेलं लायसन नूतनीकरण, डुप्लिकेट लायसन आणि पत्ता बदल आहेत. २०२२ मधे ही यादी ५८ सेवांपर्यंत गेली. अर्ज ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवर भरायचा. केंद्रीय नियमांत नूतनीकरणाचं मूळ शुल्क २०० रुपये आहे, कार्डाचे पैसे वेगळे, उशीर झाला तर जास्त.

पण या वाटेवर अडखळायला होतं ते एका साध्या गोष्टीपाशी. ओटीपी येतो आधारला जोडलेल्या भारतीय मोबाइल नंबरवर. परदेशात गेल्यावर दोन-तीन महिने रिचार्ज करतो, मग विसरतो, नंबर बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्याच कोणाला मिळतो. मग आधार, बँक, लायसन सगळ्याचीच दारं एकदम लागतात. म्हणून जाण्याआधी आधारला कोणता नंबर जोडला आहे ते तपासा, आणि तो लहानात लहान रिचार्जवर का होईना, चालू ठेवा. घरच्यांपैकी कोणाला तरी ते काम नेमून द्या. आणि कार्ड येतं ते लायसनवरच्या गोव्यातल्या पत्त्यावर, पोस्टाने. ते घर बंद असेल, किंवा जुन्या वाड्यावरून फ्लॅटमधे आला असाल, तर आधी पत्ता बदलून घ्या.

दुसरी अडचण वयाची. नूतनीकरणाचा अर्ज आणि फॉर्म १ हे तब्येतीचं स्वतःचं निवेदन, हे दोन्ही बसल्या जागी भरता येतात. पण चाळिशी ओलांडलेल्यांना, आणि भाड्याच्या वाहनाचं लायसन असेल तर कोणत्याही वयात, फॉर्म १-ए लागतो. ते नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र. डॉक्टरने तुम्हाला समोर बसवून डोळे, कान, हातपाय तपासायचे आणि सही करायची. दुबईत बसून ओळखीच्या डॉक्टरकडून ते आणवून घ्यायचा मोह होतो. नका करू. ती तपासणी रस्त्यावर आपल्या समोरून येणाऱ्यासाठी आहे. चाळिशीच्या पुढच्यांनी सरळ गोव्याच्या फेरीतच हे काम उरकावं, आणि त्यासाठीच तो २ वर्षांचा अवधी आधी मोजून ठेवावा.

जुनं, हाताने लिहिलेलं पुस्तकी लायसन असणारे अजूनही आहेत, विशेषतः पन्नाशीच्या पुढचे. त्यांनी सारथीवर नंबर घालून नोंद दिसते का ते आत्ताच बघावं. दिसत नसेल तर ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही. ज्या कार्यालयाने लायसन दिलं तिथे मूळ पुस्तक नेऊन आधी संगणकात नोंद करून घ्यावी लागते. हे काम रजेच्या शेवटच्या दिवशी काढू नका. नोंद झाली की डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधे लायसन उतरवून घेता येतं. २०१८ च्या नियमबदलाने त्या डिजिटल प्रतीला भारतात मूळ कागदासारखीच मान्यता आहे. परदेशात मात्र भाड्याची गाडी घेताना कार्डच मागतात.

शेवटी पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांचं, कारण हा प्रश्न गोव्यातल्या पुष्कळ घरांत विचारला जातो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या मुला-नातवंडांच्या वाटेने ज्यांनी ते नागरिकत्व घेतलं, त्यांचं भारतीय नागरिकत्व संपतं. लायसनही आपोआप संपतं का? मोटार वाहन कायदा लायसनसाठी वय, पत्ता आणि वाहन चालवण्याची क्षमता बघतो. भारतीय नागरिक असण्याची अट त्यात नाही. म्हणून कार्डावरची तारीख येईपर्यंत ते लायसन आहे तसं आहे. बदलतात त्या सोयी. दूतावासामार्फत आयडीपीचं नूतनीकरण भारतीय नागरिकांसाठी आहे. नवं आधार काढायचं तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते) असणाऱ्याला आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं, जे वर्षाला तीन आठवडे येणाऱ्याला जमत नाही. म्हणजे त्यांना वाट उरते ती कार्यालयात स्वतः जाण्याची. येताना मूळ लायसन, ओसीआय कार्ड आणि गोव्यातल्या घराच्या पत्त्याचा चालू पुरावा हातातल्या बॅगेत आणा, आणि वाहतूक खात्याची फेरी रजेच्या पहिल्या आठवड्यात ठेवा.